पत्र्याला गोल भोक पाडताना

कारखान्यातल्या कुठल्याही कंट्रोल पॅनेलच्या दारावर हिरवी-तांबडी पुशबटणे असतात, तीन फेजचे तीन दिवे असतात, एखादा सिलेक्टर स्विच असतो. पॅनेलच्या बुडाशी ग्लँडमधून केबल आत शिरलेल्या असतात. यांतली प्रत्येक वस्तू पत्र्यातल्या एका गोल भोकात बसलेली असते. बटण बसले, ग्लँड आवळली की भोक झाकले जाते आणि त्याचा विचार संपतो. पण पावसाळ्यात त्या पॅनेलमध्ये पाणी उतरणार का, केबलचे आवरण धारदार कडेवर घासून कापले जाणार का, बटण दाबताना जागच्या जागी फिरणार का, या प्रश्नांची उत्तरे त्या झाकलेल्या कडेवरच अवलंबून असतात. पातळ पत्र्यात मोठे, गोल आणि स्वच्छ भोक पाडणे हे दिसते त्याहून अवघड काम आहे. ते हातातल्या साध्या ड्रिल मशीनने नीट करता यावे, यासाठीच स्टेप ड्रिल नावाचे पायऱ्यापायऱ्यांचे हत्यार आहे.

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, अंबड, रबाळे अशा औद्योगिक वसाहतींमध्ये पॅनेल बनवणारे कितीतरी लहानमोठे कारखाने आहेत. तिथे आता बहुतेक भोके सीएनसी टरेट पंचवर किंवा लेझरवर पडतात. पत्रा सपाट असतानाच कटआउट निघतात, मग तो वाकवला जातो, धुतला जातो, त्यावर पावडर कोटिंग होते. अडचण त्यानंतर सुरू होते. पॅनेल साइटवर पोचते आणि ग्राहक एक जादा इमर्जन्सी स्टॉप मागतो. केबल ठरल्यापेक्षा जाड येते. शिवाय पॅनेलच्या तळाची ग्लँड प्लेट बऱ्याचदा मुद्दाम कोरीच पाठवलेली असते, कारण कोणती केबल कुठून येणार हे साइटवरच नक्की होते. तिथे टरेट पंच नसतो. फिटर असतो, त्याच्या हातात ड्रिल मशीन असते आणि समोर रंगवून तयार झालेला पत्रा असतो. तिथे चूक झाली तर पत्रा बदलून मिळत नाही.

साधे ड्रिल कुठे अडते

आपण ज्याला नुसते ड्रिल म्हणतो ते पिळाचे ड्रिल अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये पेटंट केले. त्याआधी लोहार पोलादी सळई चपटी ठोकून तिला टोक काढत, आणि त्या पानासारख्या ड्रिलने भोके पडत. मोर्स यांच्या ड्रिलमध्ये कीस पिळातून आपोआप वर येतो, टोकाला पुन्हा धार लावली तरी व्यास तोच राहतो. जाड धातूत खोल भोक पाडण्यासाठी ही रचना इतकी चांगली आहे की दीडशेहून अधिक वर्षे ती मूळ रूपात टिकून आहे. मात्र तिच्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. धातू ड्रिलच्या टोकापेक्षा जाड असला पाहिजे.

यामागचे गणित सोपे आहे. नेहमीच्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो. या कोनामुळे टोकाच्या शंकूची उंची व्यासाच्या सुमारे तीस टक्के भरते. म्हणजे २२ मिलिमीटरच्या ड्रिलचे टोक साडेसहा मिलिमीटरहून थोडे जास्त उंच असते. पॅनेलचा पत्रा मात्र बहुधा १६ गेज, म्हणजे १.६ मिलिमीटर, किंवा १४ गेज, म्हणजे २ मिलिमीटर जाडीचा असतो. १.६ मिलिमीटरच्या पत्र्यातून ड्रिलचे टोक खालून बाहेर पडते, तेव्हा वरच्या बाजूला जेमतेम सव्वापाच मिलिमीटर रुंदीचे भोक झालेले असते. २२ मिलिमीटरपर्यंतचे उरलेले सगळे कापकाम टोकाच्या आधाराशिवाय करायचे असते. आधी लहान भोक पाडून घेतले तरी परिस्थिती सुधारत नाही. मग टोकाला पहिल्यापासूनच टेकायला जागा नसते.

आधार सुटला की ड्रिल केंद्रावर फिरत नाही, भरकटते. त्याला दोन धारा असतात. एक धार पत्र्यात रुतते, क्षणभर तीच खुंटी बनते आणि दुसरी धार तिच्याभोवती झोका घेते. मग दुसरी रुतते आणि पहिली झोका घेते. या खेळातून दोन धारांच्या ड्रिलने तीन कोपऱ्यांचे भोक तयार होते. वर्कशॉपमध्ये ‘होल तिकोनी झाला’ म्हणतात तो हाच प्रकार. अशा भोकाने मापणाऱ्याचीही फसगत होते. तीन फुगवट्यांच्या या आकाराची रुंदी सगळ्या दिशांनी जवळजवळ सारखीच भरू शकते. व्हर्निअर कसेही फिरवून लावले तरी माप बरोबर दिसते, आणि गोल ग्लँड मात्र बसत नाही.

दुसरा धोका ड्रिल आरपार जाण्याच्या क्षणी असतो. पिळामुळे ड्रिलच्या धारेला पुढे झुकलेला कोन मिळालेला असतो. पत्र्याचा शेवटचा पातळ पापुद्रा उरला की धार तो कापण्याऐवजी स्क्रूसारखी त्यात घुसते आणि पत्रा वर खेचते. मशीनला हिसका बसतो, मनगट मुरगळते. पत्रा पकडीतून सुटला तर तोच गरगर फिरणारे पाते होतो. आयटीआयमध्ये पत्रा कधीही हाताने धरून ड्रिल करू नये असे पहिल्याच दिवशी शिकवतात ते याचसाठी.

पायऱ्यांची युक्ती

स्टेप ड्रिल पाहिले की आडव्या धरलेल्या दीपमाळेची आठवण होते. टोकाशी निमुळते आणि मागे रुंद होत जाणारे, एकावर एक चकत्या रचल्यासारखे. प्रत्येक चकतीचा व्यास आधीच्यापेक्षा ठरावीक मापाने मोठा असतो, आणि सगळ्या चकत्यांमधून एक किंवा दोन उभ्या खाचा गेलेल्या असतात. कापणारी धार या खाचांच्या काठावर असते. बाजारात सहज मिळणाऱ्या एका प्रकारात ४ मिलिमीटरपासून ३२ मिलिमीटरपर्यंत, दर पायरीला २ मिलिमीटर वाढत, पंधरा पायऱ्या असतात. १२ आणि २० मिलिमीटरपर्यंत जाणारे लहान प्रकारही मिळतात. अमेरिकेत ‘युनिबिट’ हे एका कंपनीचे व्यापारी नाव या हत्याराला इतके चिकटले आहे की अनेक इलेक्ट्रिशियन कुठल्याही स्टेप ड्रिलला त्याच नावाने हाक मारतात.

साध्या ड्रिलच्या दोन्ही दुखण्यांवर या रचनेत उपाय आहे. पहिले दुखणे आधाराचे. समजा, २० मिलिमीटरची पायरी पत्र्यातून गेली आणि २२ ची पायरी कापायला टेकली. या क्षणी २० च्या पायरीचा सरळ दंडगोल भाग भोकात भरून बसलेला असतो. पायरीची उंची चार ते सहा मिलिमीटर आणि पत्रा दोन मिलिमीटरच्या आत, त्यामुळे नवी पायरी पत्रा पूर्ण कापेपर्यंत जुनी पायरी भोकातच राहते आणि ड्रिलला केंद्रावर धरून ठेवते. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीची वाटाडी होते, म्हणून भोक गोल राहते.

दुसरे दुखणे जोराचे. २२ मिलिमीटरचे भोक एका दमात पाडायचे तर पत्र्यातून सुमारे ३८० चौरस मिलिमीटर क्षेत्र कापून काढावे लागते. २० वरून २२ वर जाताना काढावी लागते ती फक्त ६६ चौरस मिलिमीटरची कडी, एकेका बाजूला एक मिलिमीटर रुंद. त्यामुळे पाचशे-सहाशे वॉटचे हातातले मशीनही हे काम पेलते. सरळ खाचेच्या स्टेप ड्रिलला पिळाच्या ड्रिलसारखा पुढे झुकलेला कोन नसतो, म्हणून ते पत्र्याला वर खेचत नाही. हलका पीळ असलेल्या खाचेचे प्रकारही आता मिळतात. ते जास्त गुळगुळीत कापतात.

जुनी पायरी भोकात राहूनच आधार देते, यातूनच स्टेप ड्रिलची मर्यादाही स्पष्ट होते. पत्र्याची जाडी पायरीच्या उंचीपेक्षा कमीच हवी. सहा मिलिमीटरच्या पट्टीत चार मिलिमीटर उंच पायऱ्यांचे ड्रिल घातले, तर खालची पायरी आरपार जायच्या आत वरची पायरी कापू लागते आणि भोकाला आतून पायऱ्या पडतात. जाड धातूसाठी स्टेप ड्रिल वापरूच नये.

मापांची मेख

हत्यार घेताना सर्वांत जास्त चूक मापात होते. पुशबटणांसाठी पॅनेलच्या भोकांची मापे आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली आहेत. आपल्याकडे ज्याला ‘२२.५ चे बटण’ म्हणतात, त्याचे भोक किमान २२.३ आणि कमाल २२.७ मिलिमीटर हवे. मोठ्या बटणांचे भोक ३०.५ पासून ३१ मिलिमीटरपर्यंत चालते. आता ४, ६, ८ अशा दोन-दोनच्या पायऱ्यांचे ड्रिल घ्या. त्यात २२ आहे आणि २४ आहे. २२ च्या भोकात बटण जात नाही. २४ च्या भोकात ते खुळखुळते, आणि रबरी वॉशरला टेकायला पुरेसा पत्रा उरत नाही. म्हणून पॅनेलच्या कामासाठी २२.५ ची पायरी असलेले ड्रिलच शोधून घ्यावे. ते हाताशी नसेल तर २२ वर थांबावे आणि अर्धगोल कानस सगळीकडून सारखी फिरवून उरलेले पाव मिलिमीटर काढावे. २४ कडे जाण्याचा मोह टाळावा.

केबल ग्लँडचेही तसेच आहे. मेट्रिक ग्लँड एम १६, एम २०, एम २५, एम ३२ अशा मापांत येतात. एम २० म्हणजे आट्याचा बाहेरचा व्यास २० मिलिमीटर. नट लावून बसवायची ग्लँड आत सहज सरकावी म्हणून भोक थोडे मोठे, साधारण २०.५ मिलिमीटर ठेवतात. एम २५ साठी २५.५ आणि एम ३२ साठी ३२.५. जुन्या जर्मन पद्धतीच्या पीजी ग्लँड अजूनही आपल्या बाजारात भरपूर आहेत, आणि त्यांचा आकडा म्हणजे व्यास नव्हे. पीजी १६ चा आटा २२.५ मिलिमीटरचा असतो, पीजी २१ चा २८.३ मिलिमीटरचा. फक्त नाव वाचून सोळाचे भोक पाडले तर ग्लँड बसणारच नाही. ग्लँडच्या मापांच्या पायऱ्या असलेली खास स्टेप ड्रिल मिळतात. रोज हेच काम असेल तर ती घेणे शहाणपणाचे.

सावकाश फिरवा

स्टेप ड्रिल मरते ते बहुतेक वेळा वेगामुळे. धारेच्या दृष्टीने मशीन मिनिटाला किती फेरे घेते याला महत्त्व नसते. धार धातूवरून मिनिटाला किती मीटर धावते, ते मोजायचे असते. साध्या पोलादासाठी हायस्पीड स्टीलच्या धारेचा वेग वीस ते तीस मीटरच्या दरम्यान ठेवतात. हातातल्या मशीनवर, तेलाचा अखंड प्रवाह नसताना, वीसच्या आसपास राहणे बरे. या हिशेबाने ६ मिलिमीटरच्या पायरीला मिनिटाला हजार फेरे चालतात, १२ च्या पायरीला सुमारे ५३०, २२.५ च्या पायरीला २८० आणि ३२ च्या पायरीला फक्त २००. व्यास वाढत जातो तसतसे मशीन हळू करत जायचे.

आपल्याकडचे नेहमीचे लहान ड्रिल मशीन पूर्ण घोडा दाबला की मोकळे असताना अडीच-तीन हजार फेरे घेते. २८०० फेऱ्यांवर २२.५ च्या पायरीची धार मिनिटाला जवळजवळ २०० मीटर धावते, म्हणजे हव्या त्या वेगाच्या दहापट. दोन-तीन भोकांतच मोठ्या पायऱ्यांच्या कडा निळ्या पडतात, कापणे थांबते, घासणे सुरू होते, आणि मग दोष ड्रिलला दिला जातो. दोन गिअरच्या बॅटरी मशीनमध्ये पहिला गिअर नेमका अशा कामासाठी असतो. त्याचा वेग बहुधा चार-पाचशे फेऱ्यांच्या आत राहतो आणि जोर भरपूर मिळतो. हॅमर बंद ठेवणे तर आवश्यकच, कारण ठोक्यांनी धारेचे तुकडे उडतात.

हायस्पीड स्टील हे नाव ऐकून गैरसमज होतो. हे पोलाद अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घडवले, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे प्रात्यक्षिक पाहून कारखानदार थक्क झाले. लाल होण्याइतके तापले तरी ते कापत होते. त्याचा वेग त्याआधीच्या साध्या कार्बन पोलादाच्या तुलनेत मोठा होता. आजच्या विजेच्या मशीनच्या फेऱ्यांशी त्या नावाचा काही संबंध नाही.

प्रत्यक्ष काम

आधी पत्र्याच्या मागे काय आहे ते पाहावे. स्टेप ड्रिल लांब असते. २२ च्या पायरीला पोचेपर्यंत त्याचे चाळीसएक मिलिमीटर टोक पत्र्यामागे गेलेले असते, आणि ३२ पर्यंत गेल्यास साठ मिलिमीटरहून अधिक. मागे वायरचा जुडगा, बसबार किंवा काँटॅक्टर असेल तर ड्रिल आधी त्यालाच भेटते. चालू पॅनेलमध्ये तर ड्रिल करायचेच नाही. पुरवठा बंद करावा, स्विचला कुलूप लावावे, टेस्टर आधी चालू लाइनवर तपासून मग पॅनेलमध्ये लावून खात्री करावी, आणि नंतरच मशीन हातात घ्यावे.

रंगवलेल्या पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवून तिच्यावर पेन्सिलीने आखणी करावी. रेघ स्पष्ट उमटते, आणि कीस घासून रंगावर ओरखडे पडत नाहीत. केंद्रावर सेंटर पंचचा एक नेमका ठोका द्यावा. पुष्कळ स्टेप ड्रिलचे टोक स्वतःच भोक सुरू करू शकते, तरीही पावडर कोटिंगवर ते घसरते, म्हणून पंच मारावाच. तीन मिलिमीटरचे वाटाडे भोक आधी पाडून घेतले तर अधिक चांगले. मात्र ते स्टेप ड्रिलच्या पहिल्या पायरीपेक्षा लहान हवे.

ज्या पायरीवर थांबायचे तिच्या पुढच्या पायरीभोवती रंगीत चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा, किंवा मार्करने खूण करावी. पायऱ्यांवर कोरलेले आकडे फिरताना वाचता येत नाहीत. एक पायरी जादा गेली की भोक कायमचे मोठे झाले. मशीन पत्र्याला काटकोनात धरावे आणि एकसारखा, बेताचा दाब द्यावा. प्रत्येक पायरी आरपार गेली की हाताला छोटासा धक्का जाणवतो आणि आवाज बदलतो. सवयीचा फिटर डोळे न लावताही पायऱ्या मोजू शकतो ते या धक्क्यांवरून. हव्या त्या पायरीच्या आधी थांबून एकदा खात्री करावी, आणि शेवटची पायरी सावकाश घ्यावी.

भोक पूर्ण झाल्यावर पुढच्या पायरीचा तिरपा काठ भोकाच्या कडेला अलगद, अगदी क्षणभर टेकवावा. वरच्या कडेचा बर, म्हणजे कापताना उरलेला धारदार काठ, निघून जातो आणि कड गुळगुळीत होते. स्टेप ड्रिलची ही मोठी सोय आहे. मागच्या बाजूचा बर मात्र राहतोच. तो डीबरिंगच्या आकड्याने, गोल कानशीने, किंवा शक्य असल्यास मागून तोच तिरपा काठ टेकवून काढावा. बोट फिरवून तपासू नये. कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकले तर बर आहे.

पत्रा बदलला की पद्धत बदलते

साध्या पोलादाच्या पत्र्याला कटिंग ऑइलचे दोन थेंब पुरतात. स्टेनलेस स्टील हट्टी असते. नुसते घासले की त्याचा पृष्ठभाग आणखी कठीण होतो, आणि मग तिथे धार चालत नाही. म्हणून वेग निम्म्यावर आणावा, म्हणजे २२.५ च्या पायरीला मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे. दाब ठाम ठेवावा, तेल सढळ वापरावे, आणि मध्येच दाब सोडून ड्रिल नुसते फिरू देऊ नये. हे काम नेहमीचे असेल तर कोबाल्ट मिसळलेल्या पोलादाचे स्टेप ड्रिल घ्यावे.

ॲल्युमिनियमची गाठ ग्लँड प्लेटमध्ये पडते. एकेरी गाभ्याच्या मोठ्या एसी केबल लोखंडी प्लेटमधल्या वेगवेगळ्या भोकांतून नेल्या तर त्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे प्लेटमध्ये भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि प्लेट तापते. म्हणून तिथे ॲल्युमिनियमसारख्या, चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूची प्लेट लावतात. तीन मिलिमीटरची असली तरी ती स्टेप ड्रिलच्या आवाक्यात असते. वेग पोलादाच्या दुपटीहून जास्त चालतो. धोका असतो तो चिकटण्याचा. मऊ कीस खाचेत दाबून बसतो. तो वरचेवर काढावा आणि थोडे तेल लावत राहावे.

घराघरांवर सोलर पॅनेल बसू लागल्यापासून प्लास्टिकच्या पेट्यांची संख्याही वाढली आहे. पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसच्या पेटीत पिळाचे मोठे ड्रिल घातले की आरपार जाताना हिसका बसून पेटी तडकते. स्टेप ड्रिल तिथे फार सुरेख काम करते. कडेला साधा चिराही जात नाही. मात्र पॉलिकार्बोनेटला तेल लावू नये. काही तेलांमुळे त्यात कालांतराने बारीक तडे जातात. कोरडेच, सावकाश कापावे. प्लास्टिक वितळू लागले, तर वेग जास्त आहे असे समजावे.

एक ठिकाण मात्र असे आहे की जिथे हे हत्यार चुकूनही चालवायचे नाही. ज्वालारोधक पेट्या, ज्यांना बाजारात फ्लेमप्रूफ म्हणतात, त्या जशा तपासून प्रमाणित झालेल्या असतात तशाच वापरायच्या असतात. ज्वलनशील वायूच्या जागी बसणाऱ्या अशा पेटीत साइटवर एक भोक वाढवले, की तिचे प्रमाणपत्र आणि तिचे संरक्षण दोन्ही संपते.

भोक पडल्यानंतर

पॅनेलवर आयपी ५४, आयपी ५५, आयपी ६५ असे लिहिलेले असते. पहिला आकडा धूळ आणि घन वस्तूंपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. ६५ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि पाण्याचा झोतही अडेल. हा आकडा रिकाम्या पेटीला मिळालेला असतो. साइटवर पाडलेल्या प्रत्येक भोकाने तो पुन्हा सिद्ध करावा लागतो. तिकोनी भोकावर ग्लँडचे रबर कितीही आवळले तरी फटी राहतात. पावसाचे पाणी अशा फटीतून आत उतरते. मुंग्या आणि पाली आत शिरतात, आणि पाल दोन फेजच्या मध्ये आली की शॉर्ट सर्किट होते. हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही मेंटेनन्सवाल्याला सांगावे लागत नाही. जुने, न लागणारे भोक उघडे ठेवू नये. त्याला ब्लँकिंग प्लग लावावा.

कापलेल्या कडेवर पावडर कोटिंग राहत नाही. कोरे लोखंड उघडे पडते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत तिथून गंज सुरू होतो आणि रंगाखाली पसरत जातो. बटण बसवण्याआधी कडेवर झिंकयुक्त प्रायमरचा किंवा टचअप रंगाचा एक हात फिरवायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे द्यावीच.

कीस हा सगळ्यात दुर्लक्षित धोका. लोखंडाचा एक बारीकसा वळलेला कीस काँटॅक्टरमध्ये किंवा टर्मिनलवर पडला तर पुरवठा सुरू होताच तो दोन टोके जोडून देतो. ड्रिल करण्याआधी आतली उपकरणे कापडाने किंवा प्लास्टिकने झाकावीत, भोकाच्या खाली मागच्या बाजूला कागदाची पिशवी चिकटवावी, ड्रिलच्या खाचेत थोडे ग्रीस लावावे म्हणजे कीस त्याला चिकटून राहतो. नंतर व्हॅक्यूमने साफ करावे. हवेच्या पाइपने फुंकू नये. फुंकलेला कीस बाहेर जाण्याऐवजी उपकरणांच्या आत खोल जाऊन बसतो. चुंबक फिरवणे चांगले, पण ॲल्युमिनियमचा कीस त्याला लागत नाही हे लक्षात ठेवावे.

डोळ्यांवर गॉगल हवाच. कापडी हातमोजे मात्र काढून ठेवावेत. फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचा धागा अडकला तर तो मोज्यासकट बोट ओढून नेतो.

इतर हत्यारे आणि निवड

प्रत्येक भोकासाठी स्टेप ड्रिलच योग्य असे नाही. ३५-४० मिलिमीटरच्या पुढच्या भोकांना होल सॉ परवडतो, पण पातळ पत्र्यावर त्याचे दात अडकतात आणि कड खडबडीत राहते. सगळ्यांत स्वच्छ भोक नॉकआउट पंचने पडते. त्यात पत्र्याच्या एका बाजूला पंच, दुसऱ्या बाजूला डाय, मध्ये बोल्ट. पान्याने किंवा हायड्रॉलिक पंपाने आवळले की कापलेली चकती बाहेर पडते. कीस होतच नाही, म्हणून भरलेल्या पॅनेलसाठी हा उत्तम मार्ग. पण तो महाग असतो आणि प्रत्येक मापाला वेगळा पंच लागतो. त्याच्या बोल्टसाठी लागणारे सुरुवातीचे भोक पाडायला मात्र स्टेप ड्रिलच सोयीचे. चौकोनी मीटरचे कटआउट, किंवा बटण फिरू नये म्हणून भोकाला द्यायची ३.२ मिलिमीटरची खाच, ही कामे स्टेप ड्रिलची नाहीत. तिथे जिगसॉ आणि बारीक कानस.

सोनेरी रंगावर भुलून स्टेप ड्रिल घेऊ नये. तो टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर असतो. चांगल्या पोलादावर तो धारेचे आयुष्य वाढवतो, हलक्या पोलादावर त्याने फरक पडत नाही. तीन-चार ड्रिलच्या स्वस्त संचापेक्षा आपल्या मापाचे एक चांगले ड्रिल घ्यावे. चकमध्ये घसरू नये म्हणून षटकोनी किंवा तीन सपाट बाजूंचा दांडा असलेले निवडावे. पायऱ्यांवरचे आकडे खोल कोरलेले असावेत. धार बोथट झाली तर खाचेची सपाट आतली बाजू डायमंडच्या पातळ कानशीने हलकेच घासून ती पुन्हा आणता येते. पायऱ्यांच्या बाहेरच्या गोल भागाला कानस लावू नये. तिथे घासले की मापच बदलते.

नव्याने वायरिंगच्या किंवा पॅनेलच्या कामाला लागलेल्या मुलामुलींना एवढेच सांगणे आहे. ग्राहक तुमची वायर ओढण्याची सफाई पाहील, फेरूलचे आकडे पाहील, बटणाखालच्या भोकाची कड कोणी पाहणार नाही. तरीही ते भोक गोल पाडा, दोन्ही बाजूंचा बर काढा, कडेला रंग लावा आणि कीस शेवटच्या कणापर्यंत उचला. त्यासाठी २२.५ ची पायरी असलेले एक चांगले स्टेप ड्रिल, सेंटर पंच, तेलाची लहान बाटली आणि मशीनचा घोडा अर्धाच दाबण्याची सवय एवढे पुरते.